दादरला ९०० रुपयांची विश्रांती

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पळायची आहे. त्यामुळे दर रविवारी पहाटेची लोकल पकडून मुलुंडहून दादर आणि तिथून लांब पळणं. गेल्या रविवारी २८ किलोमीटर झाले, पेडर रोडचा चढ-उतार जाताना आणि येतानाही. चढाचं काही नाही हो, उतार मारतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याचे तंतू जास्त दुखावतात. आणि ठणका लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो. सोमवारी ऑफिसला जाताना दादरच्या पुलावरून कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, तर मागून आवाज, "ओ ताई, बाजूला तरी व्हा!"

मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून दादर पश्चिमेच्या एका रिकव्हरी सेंटरमध्ये, म्हणजे दमलेल्या स्नायूंना आराम देतात तिथे, शिरले. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे. ४० मिनिटं कॉम्प्रेशन बूट, १० मिनिटं आइस बाथ (बर्फाच्या पाण्यात बसणं), मिळून ९०० रुपये.

बूट म्हणजे पावलापासून जांघेपर्यंत फुगणाऱ्या पिशव्या. बीपी बघताना दंडाला पट्टा आवळतो ना, तसंच, पण खालून वर एकेक कप्पा आवळत जातो आणि मग सगळे एकदम सुटतात. पहिली पाच मिनिटं मला नुसतं हसू येत होतं. माझी उंची पाच फूट, त्यामुळे वरचा कप्पा जांघेत रुतायला लागला. लहान साइज दुसऱ्या कुणाच्या तरी पायात होता. तिथल्या पोराने टॉवेलची जाड घडी पावलाखाली सारली आणि काम भागलं. पोरगा हुशार.

आइस बाथची मात्र फजिती. भिंतीवर लिहिलंय १० ते १५ अंश. मी थर्मामीटर मागितला, तर १९! "मॅडम, बर्फवाला अजून आला नाय." पैसे मात्र पूर्ण घेतले. (खरंखुरं गार असलं तरी वजनं उचलल्यावर लगेच त्यात बसायची सवय लावू नका, स्नायू वाढायला त्याचा अडथळा होतो.)

फरक पडला का? बुधवारी पूल बरा उतरले. पण बुधवारी तसाही ठणका ओसरायला लागतो, तेव्हा सगळं श्रेय मशीनला देणार नाही. ती ४० मिनिटं मात्र सोन्यासारखी गेली. फोन लॉकरमध्ये, पाय वर. माझ्या सरावाच्या तक्त्यात सोमवारी 'रेस्ट' लिहिलेलं असतं आणि त्या दिवशी मी मुलुंड ते दादर उभी, घरी आल्यावर दोन वॉशिंग मशीन कपडे.

पुन्हा जाईन, फक्त बुटांसाठी. तुम्ही गेलात तर आधी फोन करून साइज विचारा, आणि लांब मोजे घेऊन जा. बुटांना आतून आधीच्या माणसाच्या घामाचा वास येतो.