गूगल अ‍ॅड्स: लाकडी घाण्याच्या तेलासाठी बरेच महिने वापरल्यावर

पुण्यात आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं, एवढीच तेलं काढतो. गूगलवर सर्चच्या जाहिराती बऱ्याच महिन्यांपासून चालवतोय. बजेट बेताचं, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक क्लिक टोचतो. जाहिरात चालत नसेल तर बोली (एका क्लिकसाठी मोजायची तयारी असलेली रक्कम) वाढवा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. आमच्याकडे खरा फरक पडला तो 'सर्च टर्म्स'चा अहवाल दर आठवड्याला नेमाने वाचल्यामुळे.

कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते शब्द, आपण ठरवतो, पण लोकांनी नेमकं काय शोधलं ते या अहवालात दिसतं. 'लाकडी घाणा तेल' हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (म्हणजे जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दिसेल असा) ठेवला की यादीत काय काय येतं बघा: 'लाकडी घाणा मशीन किंमत', 'तेल घाणा व्यवसाय माहिती', 'घाणा प्रोजेक्ट रिपोर्ट', 'करडई तेलाचे फायदे'. यातल्या कुणालाच आज पाच लिटरचा डबा नकोय. 'कच्ची घानी' शोधणाऱ्याला तर बहुतेकदा मोहरीचं तेल हवं असतं, ते आम्ही काढतच नाही. हे सगळे शब्द निगेटिव्ह यादीत गेले, म्हणजे ते शोधल्यावर आमची जाहिरात दिसत नाही. निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द अडवत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. 'मशीन' टाकलं म्हणून 'यंत्र' थांबत नाही. आपल्याकडे लोक मराठी, हिंदी, इंग्रजी, शिवाय रोमन लिपीतलं मराठी असं सगळं मिसळून शोधतात, म्हणून प्रत्येक रूप वेगळं टाकावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण पैसे इथेच वाचतात.

दुसरा मोठा फायदा जाहिरातीतच दर लिहिल्याचा. शीर्षकाला 30 अक्षरांची मर्यादा असते, तरी डब्याचा दर त्यात बसवा. फक्त स्वस्त तेल शोधणारा दर बघून पुढे जातो आणि त्याचे पैसे आपल्याला पडत नाहीत. क्लिक कमी झाले, ऑर्डरी कमी झाल्या नाहीत.

क्वालिटी स्कोअर, म्हणजे गूगल कीवर्डला देतं ते गुण, 10 पैकी मिळतो. अपेक्षित क्लिकचं प्रमाण, जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) यांवर तो ठरतो. हा आकडा, कोणाची जाहिरात दिसावी ते ठरवणाऱ्या लिलावात थेट वापरला जात नाही, दुखणं कुठे आहे ते दाखवतो, म्हणून नुसत्या आकड्यामागे लागू नये. आम्ही प्रत्येक तेलाचा वेगळा अ‍ॅड ग्रुप (कीवर्ड आणि जाहिरातींचा गट) केला. करडई शोधणारा आता थेट करडईच्या पानावर उतरतो आणि दर, डब्याचं माप, घरपोच मिळेल का, हे त्याला तिथेच दिसतं.

लोकेशनच्या सेटिंगमध्ये मुळात त्या भागात 'असलेले किंवा रस असलेले' असे दोन्ही लोक धरलेले असतात. डिलिव्हरी एका शहरापुरती असेल तर फक्त 'असलेले' ठेवा. कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून आलेले कामाचे फोन किंवा ऑर्डरी, मोजताना आम्ही फोन किमान इतके सेकंद चालला तरच धरायचा अशी अट घातली. स्वयंचलित बोली याच आकड्यांवरून शिकते, त्यामुळे चुकून लागलेले कॉल त्यात नकोत.

बजेट आखताना आणखी दोन गोष्टी धरून चाला. एखाद्या दिवशी खर्च दैनिक बजेटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, महिन्याची मर्यादा मात्र त्याच्या 30.4 पट असते. आणि 18 टक्के जीएसटी वेगळा.