चाळिशीतला केनमोर ड्रायर: घरी दुरुस्त करून आठ महिने वापरल्यावर

मिशिगनमधलं हे घर घेतलं तेव्हा बेसमेंटमध्ये बदामी रंगाचा केनमोर ड्रायर होता, कपडे वाळवायचा, ऐंशीच्या दशकातला. सुरू केला की रिकाम्या बैलगाडीसारखा खडखडायचा आणि दोन तासांनीही टॉवेल दमटच. दुरुस्तीवाल्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, नवीन घ्या. मॉडेल नंबर बघितला तर ११० ने सुरू होणारा. केनमोर हा नुसता ब्रँड, यंत्रं दुसऱ्या कंपन्या बनवतात; ११० असेल तर आतलं यंत्र व्हर्लपूलचं. त्यांच्या या २९ इंची ड्रायरची रचना वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही, त्यामुळे पार्ट आजही सहज मिळतात. म्हटलं, बघू तरी.

प्लग काढून कामाला लागले. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या धाग्यांच्या भुश्याची) जाळी वरून ओढून काढायची, तिच्या खाचेतले दोन स्क्रू काढायचे, की वरचं झाकण पुढच्या कडेने उचकटून उचलता येतं. मग आतल्या कोपऱ्यांतले दोन स्क्रू आणि दाराच्या स्विचच्या वायरी. पुढचा पत्रा सुटला की ड्रम बाहेर. तळाशी लिंटची राखाडी गोधडीच पसरली होती! हीच गोधडी हीटरजवळ गेली तर आग लागते, त्यामुळे निम्मा दिवस व्हॅक्यूममध्येच गेला.

खडखडाटाचं कारण ड्रम ज्यांवर फिरतो ते मागचे दोन रोलर. झिजून एका बाजूने चपटे झाले होते. ते आणि ड्रम फिरवणारा पट्टा, दोन्ही बदलले. पट्ट्याची खाचांची बाजू ड्रमकडे ठेवायची. मी पहिल्यांदा उलटा घातला आणि तो दहा मिनिटांत घसरला. पट्ट्याला ताण देणारी छोटी पुली हाताने छान फिरत होती, म्हणून ती तशीच ठेवली. कंजूषपणा नडला. तिसऱ्या महिन्यात ती किंचाळायला लागली आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. हीटर मल्टिमीटरने तपासला, १० ओहमच्या आसपास. २४० व्होल्टवर ५४०० वॉटच्या हीटरला एवढंच यायला हवं. त्याला हात लावला नाही.

आवाज गेला, पण कपडे वाळेनात! हीटर गरम, ड्रम फिरतोय, तरी एका घाण्याला दीड तास. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा पार्ट, मागवणारच होते. सहज बाहेर जाऊन, ड्रायरची हवा जिथून बाहेर पडते त्या भिंतीवरच्या झडपेला हात लावला. हवा जेमतेम येत होती. दोष मशिनचा नव्हताच. आधीच्या मालकाने पांढऱ्या प्लॅस्टिकची लवचिक नळी जोडलेली, तिला तीन वळसे, आणि प्रत्येक वळशात ओल्या लिंटचा बोळा. ती प्लॅस्टिकची नळी मुळातच आगीला आमंत्रण. चार इंची पत्र्याचा सरळ पाइप टाकला, वळणं तीनावरून एकावर आणली, सांधे फॉइल टेपने बंद केले. स्क्रू मारायचे नाहीत, त्यांच्या टोकांना लिंट अडकतं. त्या दिवसापासून टॉवेलचा घाणा पन्नास मिनिटांत. पार्टवर खर्च करण्याआधी पाइप बघा, एवढं मी आता सगळ्यांना सांगत सुटते.

वायरिंगचं मात्र जपून. घरातला सॉकेट चार पिनांचा, ड्रायरची जुनी केबल तीन पिनांची. अमेरिकेत १९९६ पासून नव्या जोडणीला चार वायरीच लागतात. चार वायरींची केबल लावली की न्यूट्रल आणि बॉडी यांना जोडणारी आतली पट्टी काढायची असते, आणि लोक नेमकं तेच विसरतात. मी ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. गॅसवरचा ड्रायर असता तर गॅसच्या जोडणीलाही हात लावला नसता.

वापरताना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ऑटो ड्राय, कपडे वाळले की आपोआप थांबणं. यात ओलावा मोजणारं काही नाही. कपडे ओले असताना हवा पटकन तापत नाही, हीटर चालूच राहतो आणि टायमर जागचा हलत नाही. कपडे वाळत आले की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, आणि हीटर बंद असतो तेवढाच वेळ टायमर पुढे सरकतो. एवढ्या साध्या युक्तीवर चादरी अगदी हव्या तशा निघतात. जीन्सचे कमरपट्टे मात्र ओले राहतात, आणि सुती कुडते पहिल्याच धुण्यात बोटभर आखडले.

सासूबाई सांगलीहून जानेवारीत आल्या होत्या. त्यांनी हट्टाने एक चादर अंगणात वाळत घातली, ती पापडासारखी ताठ गोठून घरात आली. तेव्हापासून चादरी ड्रायरला, सुती साड्या बेसमेंटच्या दोरीवर.

राहिलेल्या तक्रारी: आतला दिवा लागत नाही, टायमरची मूठ आतून चिरली आहे म्हणून तिला बाहेरून तार गुंडाळलीय. आणि बझर इतका कर्कश की वरच्या मजल्यावर दुपारी झोपलेला मुलगा दचकून उठायचा. त्याची वायर काढून टोकाला टोपी लावून ठेवली आहे.