माराकेशहून ॲटलासपार: तिश्का की टेस्ट?

मोटरहोम घेऊन मोरोक्कोतल्या माराकेशहून एका दिवसात हाय ॲटलास पर्वत ओलांडायचा, तर समोर दोन घाट असतात. गाडी सात मीटरच्या आसपास असेल तर मी सरळ तिझी न तिश्का सांगेन. उंची २,२६० मीटर, पण रस्ता रुंद केलेला आहे, ट्रकसुद्धा इथूनच जातात. सकाळी ऑलिव्हच्या बागा, मग अक्रोडाची झाडं, बर्बर या स्थानिक जमातीची तांबड्या मातीची गावं; आणि माथा ओलांडला की हिरवा रंग कुणी पुसून टाकल्यासारखा नाहीसा होतो. संध्याकाळच्या उन्हात ऐत बेनहद्दू हे मातीचं तटबंदी गाव गाठावं. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या भिंतीजवळ जाऊन बघा, मातीत कालवलेल्या पेंढ्याच्या काड्या अजून सोनेरी दिसतात. आपल्याकडच्या मातीच्या घरांची आठवण होतेच. वरझाझात शहर तिथून तासाभराच्या आत.

दुसरा घाट, तिझी न टेस्ट, तिश्काहून थोडा बुटका, सुमारे २,१०० मीटर. पण अरुंद, वळणावळणाचा, जागोजागी कठडाच नाही. लहान कॅम्परव्हॅन असेल तरच जा, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने याच रस्त्यावरचं खोरं उद्ध्वस्त केलं. तिथल्या तिनमेल गावची बाराव्या शतकातली मशीदही बरीचशी कोसळली. त्यामुळे निघण्याआधी रस्त्याची चौकशी हवीच. पलीकडे मात्र सूस नदीचं सपाट खोरं, अर्गनची काटेरी झाडं, त्यांवर चढून पाला खाणाऱ्या शेळ्या आणि तटबंदीतलं तारूदांत शहर.

पहिल्यांदा जाताय? मग तिश्काच.