पोस्टग्रेस: फुकट मिळतं, पण सांभाळायला माणूस लागतो

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलनाचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांतल्या दूध संस्था सकाळ-संध्याकाळ त्यात लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरतात आणि दर दहा दिवसांनी सभासदांची बिलं काढतात. पूर्वी हे सगळं मायएसक्यूएल या डेटाबेसवर होतं. आता पोस्टग्रेएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस, या डेटाबेसवर आहे, आणि डेटाबेसचं जे काही दुखेल-खुपेल ते माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे हा रिव्ह्यू प्रोग्रामरसाठी कमी आणि रात्री-अपरात्री ज्याचा फोन वाजतो त्याच्यासाठी जास्त आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. डेटा बरोबर ठेवण्याच्या बाबतीत पोस्टग्रेसला तोड नाही. पण त्याची मूळची सेटिंग्ज छोट्या कामाला पुरतील अशी आहेत. टेबलं मोठी झाली की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आत डोकावायला हवं. आणि काही बिघडत असलं तर ते ओरडून सांगत नाही, हळूहळू मंद होत जातं.

चांगलं आधी. आमच्याकडे फॅट ६.५ च्या जागी ६५ टाकणारे ऑपरेटर पुष्कळ. पहाटे थंडीत रांग लागलेली असते, दशांश चिन्ह राहून जातं. फॅट अमुक ते तमुक यांच्यामध्येच असावा अशी चेकची अट टेबलावर घालायची सोय मायएसक्यूएलमध्येही होती, पण ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत ते अट मुकाट्यानं लिहून घ्यायचं आणि पाळायचं नाही. पोस्टग्रेसनं अट घेतली म्हणजे घेतली. ६५ आलं की व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडणारा किंवा एकत्र रद्द होणारा बदलांचा गठ्ठा) परत.

त्याहून मला आवडलेली गोष्ट दरपत्रकाची. म्हशीच्या दुधाचा दर एक तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत एक, सोळापासून दुसरा. कुणी चुकून दहा तारखेपासून तिसरं दरपत्रक टाकलं, तर दहा ते पंधरा या तारखांना दोन दर होतात, आणि मग कुठल्या संस्थेला कुठला दर लागला यावरून भांडणं. पोस्टग्रेसमध्ये तारखांचा पट्टा हाच डेटाचा एक प्रकार आहे, आणि एक्सक्लूजनची अट घातली की एकाच जनावराची दोन पत्रकं एकमेकांवर चढूच शकत नाहीत. बीट्री-जिस्ट नावाचं एक्स्टेन्शन (जोड-भाग) तेवढं चालू करावं लागतं. हे आधी आम्ही कोडमध्ये तपासत होतो, आणि दोन जणांनी एकाच वेळी सेव्ह दाबलं की ते तपासणं फोल जायचं.

तिसरा मुद्दा टेबलांच्या रचनेतल्या बदलांचा. नवीन कॉलम, नवीन टेबल, जुन्या डेटाची हलवाहलव असं सगळं एका व्यवहारात गुंडाळता येतं. मधेच फसलं तर जणू काही झालंच नाही. मायएसक्यूएलमध्ये अशी प्रत्येक पायरी आपोआप कमिट, म्हणजे कायमची पक्की, होते. सातपैकी चौथ्या पायरीवर मायग्रेशन (रचनेतल्या बदलांची ही मालिका) अडकलं की अर्धं जुनं, अर्धं नवं असं घर आवरत बसा. नुसत्या याच्यासाठी मी पुन्हा पोस्टग्रेसच निवडेन.

आता दुखणं. पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट केली की जुनी ओळ जागेवरच राहते आणि नवी प्रत लिहिली जाते. जुनी ओळ अजून कुणी वाचत असेल तर त्याला ती दिसावी म्हणून. कल्पना उत्तम आहे, वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. पण मेलेल्या ओळी गोळा करायला मागून व्हॅक्यूम फिरवावा लागतो. तो आपोआप फिरतो, त्याला ऑटोव्हॅक्यूम म्हणतात. पण कधी? मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाच्या २० टक्के ओळी आणि वर ५० इतक्या मेल्यावर. हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक आहे. पाच कोटी ओळींचं संकलनाचं टेबल असेल तर एक कोटी ओळी मरेपर्यंत तो ढिम्म हलत नाही.

आणि आमच्याकडे ओळी मरतात कशा ते बघा. संस्थेचा सचिव बिल काढतो, म्हणजे दहा दिवसांच्या प्रत्येक संकलनाच्या ओळीवर बिल नंबर चढतो. मग कच्चं बिल वाचताना त्याच्या लक्षात येतं की एकाची पशुखाद्याची कपात राहिली. बिल रद्द, पुन्हा काढा. मग दुसऱ्याची उचल राहिली. प्रत्येक वेळी सगळ्या ओळींची नवी प्रत. तीन-चार वेळा कच्चं बिल काढणं ही इथली रीतच आहे. त्यात बिल नंबरच्या कॉलमवर इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) होता. इंडेक्स असलेला कॉलम बदलला की पोस्टग्रेसला नव्या प्रतीची नोंद त्या टेबलाच्या प्रत्येक इंडेक्समध्ये करावी लागते. म्हणजे तारखेचा, सभासदाचा, संस्थेचा, सगळे इंडेक्स फुगले. बिलाच्या दिवशी सर्व्हर धापा टाकायला लागला आणि फोन सुरू: "मॅडम, बिलं कवा निघणार? लोकं दारात उभी हायती."

उपाय अवघड नव्हता, तो कळायला वेळ लागला. त्या एका टेबलापुरता २० टक्क्यांचा आकडा १ टक्क्यावर आणला. सर्व्हरभर बदलायची गरज नाही, टेबलागणिक सेटिंग देता येतं. आणि बिल नंबर संकलनाच्या टेबलातून काढून वेगळ्या जोड-टेबलात नेला. आता कच्चं बिल रद्द केलं तरी लिटर-फॅटच्या ओळींना धक्का लागत नाही. सभासदांच्या खातेबाकीचं टेबल लहान, पण दिवसातून दोनदा सगळंच्या सगळं बदलतं. तिथे फिलफॅक्टर, म्हणजे पान किती टक्के भरायचं तो आकडा, १०० वरून ८० वर आणला. पोस्टग्रेस डेटा ८ केबीच्या पानांत लिहितं. पानावर थोडी जागा मोकळी राहिली आणि बदललेल्या कॉलमवर इंडेक्स नसला, की नवी प्रत त्याच पानावर बसते आणि इंडेक्सना हात लावावा लागत नाही.

एक धोक्याची सूचना. फुगलेलं टेबल बघून इंटरनेटवर पहिलं जे उत्तर मिळतं ते व्हॅक्यूम फुल. चालू धंद्यात ते कधीही मारू नका. ते सगळं टेबल नव्यानं लिहून काढतं, त्याला तेवढीच जास्तीची डिस्क लागते, आणि काम संपेपर्यंत कुणाला ते टेबल वाचतासुद्धा येत नाही. अगदीच जागा परत हवी असेल तर पीजी-रीपॅक हे एक्स्टेन्शन वापरा, त्याचं टेबलावरचं कुलूप (लॉक) सुरुवातीला आणि शेवटी क्षणभरच लागतं. बहुतेक वेळा साधा व्हॅक्यूम पुरतो. त्यानं डिस्क रिकामी दिसत नाही, पण आतली जागा पुढच्या ओळींना वापरता येते.

कुलपांची गोष्टही सांगायला हवी, कारण या खड्ड्यात जवळजवळ प्रत्येक टीम एकदा पडतेच. टेबलात नवा कॉलम घालणं ११ व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट किंमतीसकट निमिषभराचं काम आहे. पण त्या निमिषभरासाठी टेबलावर पूर्ण कुलूप हवं. समजा सपोर्टच्या एका मुलानं डीबीव्हर या डेटाबेस बघायच्या प्रोग्रॅममध्ये मॅन्युअल कमिट मोडवर (आपण सांगेपर्यंत व्यवहार बंद होत नाही) एक साधी सिलेक्ट क्वेरी (डेटा वाचायची आज्ञा) चालवली आणि विंडो उघडी टाकून चहाला गेला. त्याचा व्यवहार उघडाच, टेबलावरचं त्याचं हलकं कुलूपही तसंच. तुमची कॉलम घालायची आज्ञा, ऑल्टर टेबल, त्याच्या मागे थांबते. आणि ऑल्टरच्या मागे आलेल्या सगळ्या क्वेरी, अगदी नुसतं वाचणाऱ्यासुद्धा, रांगेत उभ्या राहतात. बाहेरून दिसतं ते एवढंच की सॉफ्टवेअर बंद पडलं. म्हणून मायग्रेशनच्या पहिल्या ओळीत लॉक टाइमआउट, म्हणजे कुलपासाठी थांबायची मुदत, दोन-तीन सेकंदांचा ठेवायचा. नाही मिळालं कुलूप तर सोडून द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. मूळ सेटिंगमध्ये हा टाइमआउट शून्य आहे, म्हणजे अनंतकाळ वाट बघणे. व्यवहार उघडा टाकून गप्प बसलेल्यांना हाकलायलाही ९.६ पासून वेगळं सेटिंग आहे, तेही मुळात बंदच.

इंडेक्स चालू टेबलावर घालायचा तर कनकरंटली हा शब्द विसरू नका, नाहीतर तो पुरा होईपर्यंत नवं दूध नोंदवता येणार नाही. तो मधेच फसला तर निकामी इंडेक्स मागे राहतो, वाचायला उपयोग शून्य, लिहायला भार पूर्ण. तो शोधून काढून टाकावा लागतो.

मराठी डेटावाल्यांसाठी एक खास गोष्ट. नुसत्या युनिकोडच्या क्रमानं सभासदांची यादी लावली तर क्षीरसागर हे कोरे आणि खोत यांच्यामध्ये येतात, कारण संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. संस्थेच्या रजिस्टरात क्ष, ज्ञ शेवटी असतात, आणि सचिव लोक यादी वरून खाली बोट फिरवून वाचतात, सर्च करत नाहीत. १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचे कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) मिळतात, त्यात मराठीचा आहे. नावाच्या कॉलमला तो लावला की क्षीरसागर आपल्या जागी जातात. मात्र कोलेशनची लायब्ररी बदलली की त्यावरचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रम बदलले तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करणाऱ्या अनेकांचे मजकुराचे इंडेक्स असेच चुकीचे झाले. ओळ टेबलात आहे, शोधली की सापडत नाही. आयसीयू वापरलं तर आवृत्ती बदलल्याचा इशारा तरी येतो.

अपग्रेडबद्दल थोडक्यात. दरवर्षी साधारण सप्टेंबरच्या सुमारास मोठी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. १३ वीचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. जुन्या आवृत्तीवरून नव्यावर नेणारं पीजी-अपग्रेड भरवशाचं आहे, पण १८ च्या आधी ते टेबलांची आकडेवारी सोबत नेत नसे. अपग्रेडनंतर ॲनलाइझ (ही आकडेवारी नव्यानं गोळा करणारी आज्ञा) चालवायला विसरलात की सगळ्या क्वेरी आंधळ्या. १८ मध्ये ही कटकट बरीचशी मिटली.

बॅकअप? सगळा डेटा एका फाइलीत काढून देणारा पीजी-डंप लहान डेटाबेसला छान. मोठ्याला बेसबॅकअप (सगळ्या फाइलींची पूर्ण प्रत) आणि वॉल (प्रत्येक बदलाची नोंदवही) साठवून ठेवणं, म्हणजे हव्या त्या मिनिटाला परत जाता येतं. पण नुसती स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लावून निर्धास्त झोपू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली गेली, तेव्हा कळलं की त्यांचे डंप बनतच नव्हते. डेटाबेस ९.६ चा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा. अपयशाचे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर भागवावं लागलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, त्याचं कौतुक. आम्ही महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवून एका संस्थेचं जुनं बिल पुन्हा काढतो आणि रुपया-पैशानं जुळवतो.

सोबतची अवजारं: आज्ञा टाइप करून चालवायचं पीएसक्यूएल पहिल्या क्रमांकावर, डीबीव्हर बरं (ऑटो कमिट चालू ठेवून!), पीजीॲडमिन मला जड वाटतं. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू नसेल तर आजच करा, कुठली क्वेरी सर्व्हर खाते ते त्यातच दिसतं.

घ्यावं का? टीममध्ये एक जण जरी आत डोकावणारा असेल तर डोळे मिटून घ्या. लायसन्सचा खर्च नाही, मालक कंपनी नाही, आणि माहितीपुस्तिका इतकी चांगली की बहुतेक प्रश्नांना मी तिच्या बाहेर जात नाही. तसा माणूस नसेल तर कुणाची तरी मॅनेज्ड सेवा (डेटाबेस त्यांच्या सर्व्हरवर, देखभाल त्यांची) घ्या. बॅकअप आणि पॅचिंग ते बघतील, पण ऑटोव्हॅक्यूमचे आकडे आणि ते उघडे व्यवहार तिथेही तुमच्याच गळ्यात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो रेप्लिकेशन स्लॉटसाठी. रेप्लिकेशन म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची चालू प्रत ठेवणं, आणि स्लॉट म्हणजे ती प्रत कुठवर पोचली याची मुख्य सर्व्हरवरची खूण. दुसरा सर्व्हर बंद पडला तर त्याला हव्या असलेल्या वॉल फाइली मुख्य सर्व्हर जपून ठेवतो. किती? मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नाही. दुसरा सर्व्हर मेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पहिल्याची डिस्क भरून तोही बसतो. मर्यादा घालायची सोय १३ व्या आवृत्तीत आली, पण ती तुम्ही स्वतः जाऊन घालायची.