साठीनंतर गिअरची गाडी की स्कूटी?

वावर, बाजार, बँक. साठीच्या पुढच्या माणसाला एवढ्यासाठी नवी दुचाकी घ्यायची असली की खेड्यात निवड दोघींतच होते: शंभर सीसीची मोटारसायकल किंवा बिनगिअरची स्कूटी. किंमत आणि मायलेज शोरूमवाला सांगेलच.

मोटारसायकलची बाजू भक्कम आहे. तिचं चाक १७ किंवा १८ इंची, स्कूटीचं १० किंवा १२. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या की लहान चाक त्यात उतरतं आणि हँडल ओढून घेतं. मोठं चाक वरून निघून जातं. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात दोन्ही गाड्यांच्या भरते, पण मोटारसायकलची काडीनं काढता येते, स्कूटीत काडी घालायलाही जागा कमी. उतारावर गिअरमधलं इंजिन गाडीला रोखून धरतं. स्कूटीचा वेग पडला की क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चिखलदऱ्याच्या घाटात रोजचं जाणं-येणं असेल त्यानं मोटारसायकलच घ्यावी.

तरी सपाटीच्या गावात माझा कल स्कूटीकडे गेला तो पाय टाकण्याच्या त्रासामुळे. मागच्या सीटवर फवारणीचा पंप किंवा ढेपेचं पोतं बांधलं की उजवा पाय त्यावरून न्यायला पार कंबरेच्या वर उचलावा लागतो. गुडघा धरलेला, खुबा आखडलेला, अंगाचा सगळा भार डाव्या पायावर, गाडी साइड स्टँडवर आणि धुऱ्यावरची (बांधावरची) माती मऊ. स्टँड रुतला की शंभरावर किलोची गाडी डाव्या पायावरच येते. उतरताना पुन्हा तेच, तेही दिवसातून आठ-दहा वेळा. या वयाची माणसं चालत्या गाडीपेक्षा अशी उभ्या गाडीवरून जास्त पडतात, असं माझ्या तरी पाहण्यात आहे. स्कूटीवर पाय समोरून आत घ्यायचा आणि बसायचं.

शुगर असलेल्यांसाठी आणखी एक. तळव्याला बधिरपणा आला की उजव्या पायानं ब्रेक किती दाबला ते कळत नाही. एक तर तो लागतच नाही, नाहीतर मागचं चाक जाम होतं. स्कूटीचे दोन्ही ब्रेक हातात. मात्र बोटं संधिवातानं आखडली असतील तर हा फायदा उरत नाही, तेव्हा शोरूममध्येच दोन्ही लिव्हर दहा-वीसदा दाबून बघा.

स्कूटी घेतलीच तर पहिले पंधरा दिवस जपायचे. चाळीस वर्षं मोटारसायकल चालवलेल्या माणसाचा डावा हात वळणावर आपोआप क्लच दाबतो. स्कूटीत तिथं ब्रेक असतो, आणि कॉम्बी ब्रेकमुळे पुढचं चाकही धरलं जातं. हळू वळताना गाडी तिथंच आडवी होते. शाळेच्या मैदानावर सकाळी अर्धा तास इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. डावा हात गप्प राहायला लागला की मगच डांबरीवर काढा. दुसरी चूक म्हणजे गाडी हातानं सरकवताना ॲक्सिलरेटर पिळला जाणं. सरकवायची तर इंजिन बंद करूनच. युरियाची ४५ किलोची बॅग पायाजवळ ठेवू नका, कारण मग पाय बाहेर लोंबकळतात आणि वेळेवर जमिनीला टेकत नाहीत. दिवेलागणीनंतर रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं तर दोन्ही गाड्या सारख्याच धोक्याच्या. मोतीबिंदू असेल तर अंधाराआधी घरी.

लायसन्सचा मुद्दा या निवडीत बरेच जण विसरतात. गिअरच्या लायसन्सवर स्कूटी चालते. बिनगिअरच्यावर मोटारसायकल चालत नाही. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, सोबत डॉक्टरचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. संपल्यावरही वर्षाच्या आत केला तर टेस्ट लागत नाही, पण पूर्वीची ३० दिवसांची सूट मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे मधल्या दिवसांत गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. अपघात झाला तर विम्याचाही घोळ होतो. वर्ष उलटलं तर टेस्ट नव्यानं. ती स्कूटीवर दिली की लायसन्स बिनगिअरचंच मिळतं, आणि पावसाळ्यात पांदणीसाठी ठेवलेली जुनी मोटारसायकल मग पोरालाच चालवावी लागते.