डबलसीट: मागच्या सीटचा वापरानंतरचा अनुभव

गाडीचा अनुभव म्हटला की तो चालवणाराच लिहितो. मायलेज किती पडतंय, पिकअप कसा आहे, क्लच कडक का मऊ, सत्तरच्या पुढं हँडल थरथरतंय का. मागं बसणाऱ्यासाठी एक ओळ, "मागची सीट ठीक आहे", झालं. आणि आपल्याकडं घरची गाडी म्हणजे डबलसीटच की, बायको असते, आई असते, कॉलेजला जाणारी बहीण असते. म्हणून हे सगळं मागच्या सीटवरनं लिहितेय. गाडी दिवाळीच्या आधी घेतली, ऊसाचा सीझन, उन्हाळा आणि हा पावसाळा असं सगळं तिच्यावर काढलंय, त्यामुळं जे लिहितेय ते रोजच्या बसण्यातनं आलेलं आहे.

आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला राहतो. नवऱ्याचं आणि माझं काम दोन्ही गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, तो मशीन शॉपला, मी दुसऱ्या एका कारखान्यात अकाउंटला, टायमिंग जवळपास एकच, म्हणून एका गाडीवर जातो. रंकाळा, संभाजीनगर, मग विद्यापीठाकडनं उजळाईवाडीला हायवे आणि तिथनं पुढं. गावातले स्पीड ब्रेकर, उकरून ठेवलेले रस्ते आणि हायवेचा ट्रक, तिन्ही प्रकार एकाच फेरीत मिळतात.

गाडी १६० सीसीची, नाव लिहीत नाही कारण अशा सीटच्या गाड्या आता सगळ्याच कंपन्या काढतात. पुढची सीट खाली, मागची वेगळी आणि वर उचललेली, मागनं निमुळती होत गेलेली. दिसायला लई भारी दिसते, खरंच दिसते. शोरूममध्ये टेस्ट राइड नवऱ्याला दिली, मला कुणी बसून बघा म्हणालं नाही, रंग कुठला पाहिजे एवढं मात्र मला विचारलं. माझं सगळ्यात ठाम मत इथंच सांगते, मागची सीट ही वेगळी वस्तू आहे आणि ती वेगळी तपासून घ्यायची असते. जो माणूस रोज मागं बसणार आहे त्याला शोरूमला न्या, गाडीवर बसवा, एक चक्कर मारायला लावा, स्पीड ब्रेकरवरनं न्या, मग पैसे भरा. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघा.

आधीची गाडी सासऱ्यांची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर होती. लांब सपाट सीट, मागं धरायला हँडल, बाजूला साडी गार्ड. त्या गाडीवर बसलं की पाय, गुडघे, कंबर सगळं आपापल्या जागी असायचं. नव्या गाडीवर फूटरेस्ट उंच आहेत, त्यामुळं गुडघे जास्त दुमडतात, आणि सीट पुढच्या बाजूला उतरती असल्यामुळं ब्रेक लागला की मी सरकून नवऱ्याच्या पाठीवर जाते, परत मागं सरकायचं, परत ब्रेक. पहिल्या महिन्यात हे सगळं मांड्यांवर आणि माकडहाडावर आलं. महिनाभर बसून सवय होते म्हणतात, सवय झाली पण दुखायचं थांबलं नाही, ते थांबलं दुसऱ्या कारणानं, ते खाली लिहिते.

आता हे नीट समजून घ्या, कारण हे कळल्यावरच मला फरक पडला. पुढचा माणूस दोन चाकांच्या मधे बसलेला असतो. मागचा जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर बसतो. त्यामुळं तोच खड्डा मागच्याला जास्त लागतो. वर पुढच्याला खड्डा येताना दिसतो, तो हँडल धरून असतो, थोडा उठतो, मागच्याला समोर फक्त हेल्मेट आणि पाठ दिसते. म्हणजे धक्का मोठा आणि तोही न सांगता. मेकॅनिकनं मागच्या शॉकअपचं सेटिंग बघितलं तर ते एकट्या माणसासाठी सगळ्यात मऊ घरावर ठेवलेलं. दोघं बसलो की मागचा भाग दबायचा आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला टेकून ठक्क करून आवाज यायचा, तो सरळ मणक्यात. त्यानं पाना लावून दोन घरं कडक करून दिला, पाच मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी येताना फरक कळला मला. आणि एक फायदा नवऱ्याला झाला, मागं दबल्यामुळं हेडलाइट वर जात होता, समोरचे डिपर मारायचे, ते बंद झालं.

दुसरी गोष्ट हवा. गाडीच्या पुस्तकात मागच्या टायरला हवा दोन लिहिलेल्या असतात, एकट्याची आणि डबलसीटची. आमच्या गाडीला २८ आणि ३२. हवावाला न विचारता एकच भरतो, त्याला सांगावं लागतंय. हवा कमी असताना दोघं बसलं की गाडी वळणावर मागनं डुलल्यासारखी होते, मागच्याला ते पुढच्याच्या आधी जाणवतंय. मला आता जाणवलं की मी लगेच सांगते, आणि बघितलं की हवा उतरलेलीच असते.

हात कुठं ठेवायचे यावर माझं मत पक्कं झालंय. खांदे धरायचे नाहीत. खांदे धरले की आपला धक्का त्याच्या हातातनं थेट हँडलला जातो. एक हात कंबरेला आणि एक मागच्या हँडलला हे सगळ्यात चांगलं, ब्रेक लागला तर मागचा हात ओढून धरतो, गाडी एकदम उचलली तर कंबरेचा हात धरतो. गुडघ्यांनी हलकं दाबून बसायचं. वळणावर गाडी जिकडं झुकते तिकडंच झुकायचं, त्याच बाजूच्या खांद्यावरनं पुढं बघायचं म्हणजे अंग आपोआप बरोबर जातं. भीतीनं उलट्या बाजूला सरळ होऊन बसलं तर चालवणाऱ्याला वळवायला जड जातंय. पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या पुढं चढाची वळणं लागतात तिथं हे चांगलं कळतं. आणि चढताना, उतरताना आधी सांगायचं. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय मी पाय टाकत नाही. आमचं ठरलंय, पाठीवर दोनदा थोपटलं की बसले, निघ. मांडीवर थोपटलं की हळू घे. हेल्मेटमधनं ओरडून काही ऐकू जात नाही, आणि ऐकायला तो मान वळवतो ते तर नकोच.

हेल्मेटवर जरा जास्त लिहिते. कोल्हापुरात पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट दिसायलाच वेळ लागतो, मागच्याचं तर कुणी धरतच नाही. कायदा मात्र चालवणारा आणि मागं बसणारा दोघांनाही एकच लागू आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला. दंड १००० रुपये आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतंय. पण दंडाचं सोडा. मागचा माणूस उंचावर बसलेला असतो, हातात हँडल नाही, समोरचं दिसत नाही, गाडी घसरली तर तो सावरूच शकत नाही, मग त्याचं डोकं काय कमी महत्त्वाचं आहे का? माझ्या डोक्यावर बाईकसोबत फुकट मिळालेलं टोपीसारखं हेल्मेट होतं ते मी महिन्याभरात काढून टाकलं आणि माझ्या मापाचं पूर्ण तोंडाचं घेतलं. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला मिळतंय, घेऊ नका. माप महत्त्वाचं, गालाला घट्ट बसलं पाहिजे, हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. सुरुवातीला ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं, दोघांची चिडचिड. मागच्या हँडलला हात गेल्यापासून ते जवळजवळ बंद झालं.

ओढणी. ह्याच्यावर बायकांनो प्लीज लक्ष द्या. ओढणी किंवा पदर मागच्या चाकात, चेनमध्ये गेला तर गळ्याला फास बसतो, मानेचे मणके जातात, असे अपघात आपल्या देशात होत आलेत आणि डॉक्टर लोकांनी त्यावर लिहिलंय. केंद्रीय मोटार वाहन नियमात नियम १२३ म्हणून आहे, गाडीला मागच्यासाठी धरायला हँडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण पाहिजे, कपडे अडकू नयेत म्हणून. तरीपण पोरं लुक जातो म्हणून साडी गार्ड घेतल्या दिवशी काढून ठेवतात. आमच्या इथं पण तीच चर्चा झाली, मी ठाम राहिले, गार्ड गाडीवरच आहे. मी ओढणी कमरेला गाठ मारून जॅकेटच्या आत घालते, मग निघते, रंकाळ्यापर्यंत जायचं असलं तरी.

सायलेन्सर उजव्या बाजूला आहे. चढायचं, उतरायचं डावीकडनं. शेजारच्या एका पोरीला पोटरीवर भाजल्याचा डाग आहे तो उजवीकडनं उतरल्यामुळंच.

सासूबाई एका अंगानं बसतात, नऊवारी नाही तरी साडीच असते आणि त्यांना दोन्हीकडं पाय टाकून जमत नाही. त्यांना जोतिबाला नेताना हे कळलं की एका अंगानं बसलं की दोन्ही पाय डावीकडं, वजन एका बाजूला, आणि चालवणाऱ्याला तेवढं सांभाळून चालवावं लागतंय. शिवाय धरायला त्यांना एकच हात सोयीचा. केर्लीपासनं पुढं चढाला त्या ताठ बसून होत्या, काही बोलल्या नाहीत, वर गेल्यावर म्हणाल्या "बाळा, येताना वडापनं जाऊया", म्हणजे शेअर जीपनं. म्हणजे उंच, उतरती सीट वयस्कर माणसाला चालत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. घरात साडीतलं माणूस रोज बसणार असेल तर सपाट लांब सीटच घ्या, बाकी फीचर नंतर.

ऊसाचा सीझन. नोव्हेंबर लागला की दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि ऊसाची टोकं बाजूला फूटभर बाहेर आलेली. चालवणारा ओव्हरटेक करताना आपलं हँडल किती लांब आहे ते बघतो, माझा गुडघा त्याच्या हँडलइतकाच बाहेर असतो हे त्याच्या लक्षात येत नाही. एकदा ऊसाची टोकं माझ्या गुडघ्याला घासून गेली, जीन्सवर ओरखडा. त्याच दिवशी बोलून घेतलं आणि तेव्हापासून ट्रॉली दिसली की तो हात वर करतो, मी पाय आत घेते, आणि जागा पुरेशी नसेल तर मागंच थांबतो. सगळ्यांनी हे घरात बोलून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पावसात सीटच्या दोन भागांच्या मधल्या फटीत पाणी साठतं, वरनं पुसलं तरी बसलं की येतं. मागचं मडगार्ड आखूड असल्यामुळं चिखलाची रेघ पाठीवर पार मानेपर्यंत. ऑफिसला तसं जाऊन बसायचं म्हणजे! लांब मडफ्लॅप लावला, त्यानं बरंच थांबलं. रेनकोट दोन भागांचाच घ्या, लांब कोटाचा घोळ चाकाकडं जातो.

विमा हा विषय कुणी सांगत नाही म्हणून लिहिते, अकाउंटला असल्यामुळं कागद मी वाचले. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारी, असेल तर मागं बसलेला त्यात येत नाही, सुप्रीम कोर्टानं २००६ लाच तसं सांगितलंय. फुल पॉलिसीत तो येतो. आणि सक्तीचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा, मागच्यासाठीचा वेगळा, ऐच्छिक, मागून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी शोरूमवाले फुल देतात, नंतर पैसे वाचवायला लोक फुल भरत नाहीत, नुसती थर्ड पार्टी उरते, आणि तिथंच मागचा माणूस उघडा पडतो. आमचं रिन्यूअल आलंय, मी फुल भरतेय आणि मागच्याचा वेगळा कव्हर पण घालून घेतेय, हप्ता फार वाढत नाही.

लहान मूल असेल तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या पोराला चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या वरच्याला मापाचं हेल्मेट आणि गाडी ४० च्या आत, हा नियम लागू आहे. टाकीवर पोरगं आणि मागं बायको ही तर रोजची गोष्ट, पण कायद्यानं चालवणाऱ्याच्या मागं एकच माणूस बसतो.

एवढं सगळं लिहिलं म्हणजे मला आवडत नाही असं नाही. सकाळी विद्यापीठाच्या बाजूची झाडी, थंडीत गुऱ्हाळाचा वास, हे चालवणाऱ्याला बघायला मिळत नाही, मला मिळतं. गाडी इंजिनला चांगली आहे, एबीएस आहे, १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचंच आहे, ओल्या रस्त्यावर एकदा कुत्रं आडवं आलं तेव्हा चाक लॉक न होता सरळ थांबली. चालवायला म्हणून विचारलं तर नवरा पूर्ण मार्क देईल. मागं रोज तासभर बसणाऱ्यासाठी मी नाही देणार, कंपनीनं दिली तशी तर नाहीच.

आता सीटवाल्याकडं मागच्या सीटचा फोम बदलायला टाकणार आहोत, पुढचा उतार भरून सपाट करून घ्यायचा आणि थोडी रुंद. सासूबाईंसाठी लेडीज फूटरेस्टवालं गार्ड या मॉडेलला बसतंय का तेही विचारलंय, दुकानदार म्हणाला दसऱ्यापर्यंत मागवतो.