माझ्या इंजिनात कधीच न बसणारा पिस्टन

रत्नागिरी जिल्ह्यात आमची आंबा-काजूची छोटी बाग आहे. पाऊस ओसरला की कंबरभर वाढलेल्या गवताची बेणणी करावी लागते आणि आता त्या कामाला पुरेशी माणसे मिळत नसल्यामुळे चार वर्षांपूर्वी मी ४३ सीसीचे टू-स्ट्रोक ग्रास कटर विकत घेतले. गेल्या हंगामात, बेणणी अर्ध्यावर आली असताना, ते दगा देऊ लागले. दोरी ओढली की सुरू होई, मंद गतीवर नीट चाले. मात्र रेस दिली की घुसमटल्यासारखे होऊन बसे. ही लक्षणे मुद्दाम नोंदवत आहे, कारण दुरुस्ती नेमकी किती किरकोळ होती हे त्यांवरूनच कळण्यासारखे होते. मला ते कळले नाही.

बाजारपेठेतील एका दुरुस्तीवाल्याकडे मशीन नेले. त्याने एकदा रेस देऊन पाहिली आणि कोणताही स्क्रू न उघडता ‘ब्लॉक-पिस्टन गेलाय, काका,’ असे सांगितले. (ब्लॉक म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते नळकांडे.) पेट्रोलमध्ये तेल कमी पडल्यामुळे असे झाले, तुमच्या गड्याला विचारा, असेही त्याने सुचवले. आमचे मशीन २५ला १ या प्रमाणावर चालते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे, तेल. ‘मी मापानंच घालतो, काका,’ असे गडी परोपरीने सांगत होता, तरी मी त्याला नको ते बोललो आणि मजुरीतून १,००० रुपये कापून घेतले.

दोन दिवसांनी मशीन परत मिळाले. नवा ब्लॉक-पिस्टन, नवे क्रँक सील आणि कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) ‘सर्व्हिस’ मिळून ७,२०० रुपये झाले. बिल मागितले तेव्हा कागदाच्या चिटोऱ्यावर ‘इंजिन काम’ एवढेच लिहून मिळाले. जुना पिस्टन मात्र त्याने स्वतःहून माझ्या हातात ठेवला. त्यावर उभे खोल ओरखडे होते. त्याने दुकानातच पूर्ण रेस दिली तेव्हा इंजिन तीक्ष्ण, अखंड किंकाळी फोडत होते आणि तो आवाज ऐकून मी खूश झालो.

पुढे जेमतेम दहा-अकरा तास काम झाले असेल. भर दुपारी, चढावरचे गवत कापताना इंजिनाचा आवाज आणखी चढला, मग एकाएकी ते थांबले आणि दोरी जागची हलेना. इंजिन सीझ झाले होते, म्हणजे पिस्टन आतच जाम झाला होता.

या वेळी मी मशीन आमच्या शेजाऱ्यांकडे नेले. लूना आणि बजाजच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत. त्यांनी आधी सायलेन्सर काढला. धूर बाहेर जाण्याच्या त्या खिडकीतून पिस्टनची कड आणि रिंग थेट दिसतात, त्यामुळे ब्लॉक न उघडताही पिस्टन गेला आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळते. ही एक गोष्ट मला आधी ठाऊक असती तर पुढचे काहीच घडले नसते. पिस्टनवर त्याच बाजूला ताजे ओरखडे होते, पण त्याच्या माथ्यावर काजळीचा जो जाड थर होता तो अकरा तासांत साचणे शक्य नव्हते. ब्लॉकच्या स्क्रूंवर कारखान्यातील रंगाची खूण जशीच्या तशी होती आणि खालचे गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, मूळचेच होते. ब्लॉक कधी उघडलाच गेला नव्हता.

मग माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला तो ‘जुना पिस्टन’ त्यांनी मागवला आणि व्हर्नियरने मोजला. तो जवळजवळ ४४ मिलिमीटर व्यासाचा भरला. माझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे नळकांड्याचा आतला व्यास, ४० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३४ मिलिमीटर, ज्यावरून ४३ सीसी होतात. तोच स्ट्रोक ठेवून बोअर ४४ केला की ५२ सीसीचे इंजिन होते. मला दाखवलेला पिस्टन कोणा दुसऱ्याच्याच ५२ सीसीच्या मशीनचा होता. तो बहुधा माझ्याआधीही अनेकांना ‘त्यांचा’ म्हणून दाखवला गेला असावा. मला तो देऊन टाकण्याची चूक त्याने का केली, हे मात्र मला अजूनही उमगलेले नाही.

मूळ बिघाड कोणता, हेही तेव्हाच उलगडले. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी एक बारीक जाळी असते. तेलाच्या काजळीने ती बुजली की धूर बाहेर पडत नाही आणि इंजिन मंद गतीवर चालूनही रेस घेत नाही. जाळी काढून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवली आणि तारेच्या ब्रशने घासली की काम होते, खर्च शून्य. माझ्या मशीनची जाळी जागेवर नव्हतीच. दुरुस्तीवाल्याने ती काढून टाकली होती, आणि ७,२०० रुपयांतले खरे काम तेवढेच होते. वाळलेल्या गवतात जाळीविना मशीन चालवणे किती धोक्याचे आहे, हे बागायतदारांना सांगायला नको.

याहून मोठा घाव कार्बोरेटरमध्ये होता. मूळ कार्बोरेटरवर बनवणाऱ्याचा ठसा होता. पूर्वी पेट्रोलची नळी बदलताना मुलाने काढलेल्या फोटोत तो स्पष्ट दिसतो. आता तिथे बिनठशाची स्वस्त नक्कल बसली होती आणि तिचा जास्त गतीचा स्क्रू, जो साधारण एक ते दीड फेरा उघडा असावा, तो जेमतेम अर्धा फेरा उघडा होता. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच मिळते, त्यामुळे हा स्क्रू आवळला की हवेच्या मानाने पेट्रोल कमी होते, पर्यायाने तेलही कमी होते आणि इंजिन भलतेच तापते. ज्या किंकाळीवर मी खूश झालो होतो ती याचीच खूण होती. नीट लावलेले इंजिन मोकळ्या हवेत पूर्ण रेसवर किंचित भरभरते, अडखळल्यासारखे वाटते, आणि पाते गवतात शिरून भार आला की त्याचा आवाज स्वच्छ होतो, असे शेजाऱ्यांनी मला दुसऱ्या मशीनवर ऐकवले.

मी पिस्टन आणि फोटो घेऊन दुकानात गेलो. ‘सगळे पिस्टन सारखेच दिसतात, काका, बदली झाला असेल,’ हे त्याचे उत्तर. बरीच बोलाचाली झाल्यावर २,००० रुपये मिळाले, कार्बोरेटर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायचा विचार केला, तेव्हा माझ्याकडे सुट्या भागांची नावे आणि किमती लिहिलेले बिल नाही, हे पुन्हा जाणवले. मशीन दुकानात सोडताना मी कार्बोरेटरचा फोटो काढला नव्हता, सायलेन्सर समोर उघडायला सांगितले नव्हते आणि परत मिळालेला भाग आपल्या इंजिनाच्या मापाचा आहे का, हेही पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी गड्याला सगळा प्रकार सांगितला, माफी मागितली आणि त्याचे कापलेले १,००० रुपये परत दिले. त्याने ते मोजून घेतले.